पेटीतली ऊब

१

त्या हिवाळ्यात माझा दिवस हिटर बंद करण्यापासून सुरू व्हायचा. सकाळी सहाला उठायचं, बटण बंद करायचं, पाण्यात दोऱ्यानं टांगलेला थर्मामीटर वाचायचा आणि वहीत आकडा लिहायचा. मग चूळ भरायची. सिंधू म्हणायची, "आधी तोंड तं धुवा." मी ऐकत नसे. मला आकडे लिहायची सवयच होती. मी नागपुरातल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो.

चौऱ्याहत्तर सालचा डिसेंबर. आम्ही वाडीला राहत होतो, अमरावती रोडवर, ट्रान्सपोर्टच्या गोदामांना लागून दोन खोल्या भाड्यानं घेऊन. वाडीला यायचं कारण मी लोकांना वेगळं सांगत असे. हवा मोकळी आहे, गर्दी नाही, असं काहीतरी. खरं कारण शहरातल्या महाल भागातल्या जुन्या बिऱ्हाडाशेजारचे दत्तोपंत होते. छत्र्या दुरुस्त करायचे. साठी उलटलेली, पुढचे दोन दात पडलेले. नळावर पाणी भरताना ते काहीबाही बोलायचे आणि सिंधू हसायची. माझ्यासमोर ती तशी हसत नसे. एवढंच. एवढ्यावर मी बिऱ्हाड हलवलं.

वाडीला तिला हसवणारं कोणी नव्हतं. दिवसभर ट्रक जायचे, भांडी मांडणीवर थरथरायची. सिंधू मूळची उमरेडची, घरात हातमाग, दहा माणसांत वाढलेली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक दिवस ती म्हणाली, "एखादा पोपट आणा नं. घरात काही आवाज राहील."

पोपट बोलायला शिकतो. ती शिकवेल ते बोलेल, आणि मी नसताना काय शिकवेल कोणास ठाऊक. हे मी तिला म्हणालो नाही, पण मनात आलं ते असं. मासा बोलत नाही. कॉलेजच्या झूलॉजी विभागानं एक जुनी काचेची पेटी टाकून दिली होती, लोखंडी अँगलची, दोन फूट लांब. ती मी सायकलला बांधून आणली, काचेच्या सांध्यांत नवी लांबी भरून गळती बंद केली आणि तिच्यात सहा गप्पी आणि चार काळ्या मोली सोडल्या.

सिंधूनं पेटीकडं पाहिलं आणि म्हणाली, "चांगल्या आहेत." मग पोळ्या करायला गेली.

२

थंडी पडली तशा दोन मासोळ्या मेल्या. म्हणून मी हिटर बनवला. बाजारात तेव्हा बाहेरदेशी हिटर क्वचित दिसायचे, आपल्या आवाक्यात नव्हते. मी लॅबमधली एक जाड, हातभर लांब परीक्षानळी घेतली. मातीच्या कांडीवर निक्रोमची तार गुंडाळून आत उतरवली, खालून अर्ध्यापर्यंत कन्हान नदीची बारीक वाळू भरली, वर रबरी बूच आणि लाख. वीज जास्त जाऊ नये म्हणून वाटेत साठ वॉटचा एक दिवा जोडला. हिटर चालू असला की तो दिवा मंद पिवळा जळायचा.

हिटर आपोआप बंद होण्याची सोय नव्हती. म्हणून संध्याकाळी लावायचा आणि सकाळी काढायचा तो मीच. सिंधूला बजावलं होतं, "बटणाले हात लावू नको वं. वीज आहे."

पहिले आठ दिवस आकडे सरळ आले. चोवीस, पंचवीस, पंचवीस. मासोळ्या सकाळी हिटरच्या नळीभोवती गोळा झालेल्या असायच्या, जशा शेकोटीभोवती माणसं.

नवव्या दिवशी त्या तिथं नव्हत्या.

हिटर पेटीच्या उजव्या टोकाला होता. मासोळ्या डाव्या टोकाला, भिंतीकडच्या कोपऱ्यात, एकमेकींना चिकटून स्थिर उभ्या होत्या. त्या कोपऱ्यात काही नव्हतं. दगड नाही, वनस्पती नाही. मी थर्मामीटर सोडवून तिकडं धरला. हिटरजवळ पंचवीस होतं. हिटरपासून सर्वांत लांब असलेल्या त्या कोपऱ्यात तीस.

थर्मामीटर बिघडला असेल म्हणून दुसऱ्या दिवशी लॅबमधून दुसरा आणला. तोही तेच सांगू लागला. गरम पाणी वर चढतं, फिरतं, कुठंतरी साठतं, असं मी स्वतःला समजावलं. पण पाणी हिटरपासून लांब जाऊन जास्त गरम कसं होईल? मी बाहेरून काचेवर तळवा ठेवला. एक वितीभर जागा कोमट होती. बाकी काच बर्फासारखी. ती ऊब चुलीची नव्हती, विजेचीही नव्हती. कोणी बराच वेळ गाल टेकवून नुकतंच उठून गेलं असावं, तशी होती.

३

पेटीसमोर एक लाकडी स्टूल होतं. मी संध्याकाळी साडेपाचला घरी आलो की त्यावर बसून बूट काढायचो. एक दिवस बसलो आणि लगेच उठलो. स्टूल गरम होतं.

"कोण बसलं होतं इथं?"

सिंधू स्वयंपाकघरात होती. "मी बसली होती," ती म्हणाली.

तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत होते. कणीक मळून मऊ झाली होती, म्हणजे निदान दहा मिनिटं ती तिथं उभी होती.  मी तिच्याकडं नीट पाहिलं. तिनं केस नवीन पद्धतीनं बांधले होते, मानेवर सैल. हिरव्या बांगड्यांचा नवा जोड हातात होता. आणि ती गुणगुणत होती. मागावर बसलेल्या बाया गुणगुणतात तसं, धोट्याच्या ठेक्यावर. नऊ वर्षांत मी ते ऐकलं नव्हतं.

मला आधी राग आला नाही. आधी मी स्टूल पुन्हा हातानं चाचपून पाहिलं. मग राग आला.

शेजारच्या खोलीत गोदामाच्या चौकीदाराची बायको राहायची, पंचफुला. दुसऱ्या दिवशी ती दारात तांदूळ निवडत होती. मी सायकल उभी केली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "दिवसा आमच्याकडं कोणी येते का हो?"

"कोणी नाही येत भाऊजी. कोण येईल?" ती म्हणाली. मग सूप थांबवून म्हणाली, "पण सिंधूबाई बोलत राहते दुपारची. आम्हाले वाटते तुम्ही घरी आहात."

"कोणाशी बोलते?"

"तिचाच आवाज येते."

"मग एकटीच बोलत असेल. एकटं माणूस बोलते."

"तसं नाही गा भाऊ," पंचफुला म्हणाली, आणि 'भाऊजी'वरून ती 'भाऊ'वर आली तेव्हा मला कळलं की हिनं यावर आधीच विचार केला आहे. "एकटं माणूस सलग बोलते. ती मधात थांबते. जेवढं थांबावं लागते तेवढं थांबते. मग हसते."

४

बुधवारी मी कॉलेजला निघालो आणि गेलो नाही. रोडपलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून राहिलो. तिथून आमचं दार सरळ दिसायचं, आणि मागच्या बाजूला गोदामाची भिंत असल्यानं दुसरी वाट नव्हती. दहा वाजले, अकरा वाजले. सिंधूनं दारासमोर सडा टाकला, पंचफुलाकडून वाटीभर काहीतरी आणलं, दार लोटून घेतलं. कोणी आलं नाही. बारा वाजता मी उठलो.

दाराला आतून कडी लावलेली नव्हती. मी हात दारावर ठेवला आणि आतून तिचा आवाज आला.

"...तं मी त्या रांजणात पडली नं. निळीच्या. सात वर्षाची असन. मायनं वेणीले धरून बाहेर काढलं. महिनाभर माझे हात निळे. शाळेत सगळ्या पोरी म्हणत, हिले शिवू नका, रंग लागते." ती थांबली. बांगड्या काचेवर वाजल्या, किणकिण. मग ती हसली. "हाव नं! जेवतानाही निळेच."

ही गोष्ट तिनं मला कधी सांगितली नव्हती. मी दारात उभा राहून नऊ वर्षं आठवून पाहिली. मी विचारलं नव्हतं हे खरं. पण तिनं सांगितलीही नव्हती. रोडवरून एक लांब ट्रक गेला, दार माझ्या हाताखाली थरथरलं, आणि मी ते लोटलं.

सिंधू पेटीपाशी जमिनीवर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात. समोर स्टूल होतं, रिकामं. ट्रकच्या धक्क्यानं पाण्यावर बारीक लाटा उठल्या होत्या आणि त्या उजवीकडून डावीकडं जात होत्या. डाव्या कोपऱ्याशी पोचल्यावर मात्र त्या दुभंगत होत्या. नदीत खांब रोवलेला असला की पाणी जसं दोन्ही अंगांनी वळून जातं, तसं. तिथं खांब नव्हता.

"कोण होतं?"

"कोणी नाही." तिनं हात सावकाश बाहेर काढला. घाबरून काढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मी ऐकलं. तू बोलत होती कोणाशी. खोटं नको बोलू."

"खोटं काहून बोलू? पाहून घ्या घर. तुम्ही तं रोजच पाहता."

मी स्टुलावर हात ठेवला. गरम होतं. मी खाटेखाली वाकून पाहिलं, कपाट उघडलं, न्हाणीचं दार उघडलं. ती पदरानं हात पुसत माझ्याकडं पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर शांतपणा होता, आणि तो माझ्यामुळं आलेला नव्हता.

"पाण्यात हात काहून घातला?"

"त्याले थंडी वाजते."

"कोणाले?"

ती क्षणभर थांबली. जेवढं थांबावं लागतं तेवढं.

"मासोळ्यायले," ती म्हणाली.

५

संशय माणसाचा असला तर काहीतरी करता येतं. माणसाला गाठता येतं, दोन शब्द सुनावता येतात, बिऱ्हाड बदलता येतं. हे कोणाला सुनावायचं? कॉलेजमध्ये मुलांना परीक्षानळ्या वाटताना मी एकच हिशेब करत असायचो, आता एक वाजला, आता ती तिथं बसली असेल, आता ती कोणती गोष्ट सांगत असेल. तिच्या सगळ्या गोष्टी संपतील आणि माझ्यासाठी एकही उरणार नाही, अशी मला भीती वाटू लागली. कोण आहे हा प्रश्न मागं पडला होता. त्याला काय मिळतंय हाच प्रश्न होता.

संक्रांत मंगळवारी होती. शनिवारीच मी सिंधूला म्हणालो, "चार दिवस लहानूकडं जाऊन ये." लहानू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मी तिला आपणहून माहेरी कधी पाठवलं नव्हतं. तिला आनंद व्हायला हवा होता.

"चार दिवस?" ती म्हणाली. "मग इकडं कसं?"

"मी आहे न."

"संध्याकाळी हिटर लावसान नं? आठवणीनं?"

"लावतो."

निघताना ती पेटीपाशी गेली, काचेवर तळवा ठेवला आणि काहीतरी पुटपुटली. मी दारात पिशवी धरून उभा होतो. मला तिनं नुसतं "येते" म्हटलं.

रविवारी जेवण झाल्यावर मी दार लावलं, खिडकीही लावली. वाटेतला साठचा दिवा काढून टाकला आणि तारा सरळ जोडल्या. आता सगळी वीज हिटरला जाणार होती. मी पेटीतलं सगळं मारणार होतो. मासोळ्या मरतील आणि त्यांच्यासोबत जे काही आहे तेही मरेल किंवा निघून जाईल. सिंधूला सांगायचं, विसरलो, बंद करायचा राहून गेला.

बटण दाबलं. नळीतल्या वाळूच्या वर जेवढी तार उघडी होती तेवढी आधी तांबूस आणि मग लाल झाली. मी वही घेऊन बसलो. सव्वीस. अठ्ठावीस. एकतीस. चौतीस झालं तेव्हा मासोळ्या पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकू लागल्या. मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं.

पस्तीसवर पारा थांबला. मग उतरू लागला.

मी डोळे चोळले. तार लाल होती, वीज चालू होती, आणि पारा तीसवर, पंचवीसवर, एकोणीसवर आला. मासोळ्या खाली गेल्या आणि निवांत फिरू लागल्या. पेटीवर बाहेरून मी कागदाची पट्टी चिकटवली होती, पाणी किती आटलं ते कळावं म्हणून. पाणी पट्टीच्या दोन बोटं वर होतं. मी पाहत असताना ते काठाला आलं आणि एक धार अँगलवरून खाली ओघळली. पाण्याची पातळी वाढायला पाण्यात काहीतरी उतरावं लागतं. हे मी दरवर्षी मुलांना मोजपात्र हातात देऊन दाखवत असे.

मी हिटरकडं पाहिलं. लाल तारेवर आडव्या काळ्या पट्ट्या आल्या होत्या. चार, एकमेकींना लागून, आणि पलीकडून एक. टॉर्च मुठीत धरून पेटवला की बोटांच्या फटींतून आणि बोटांच्या कडांतून जसा लाल उजेड दिसतो, तसा तो दिसत होता. नळी कोणीतरी गच्च धरली होती, हिवाळ्यात चहाचा पेला धरतात तशी.

६

मी बटण बंद केलं आणि प्लग ओढून काढला. लाल विझलं. काळ्या पट्ट्याही दिसेनाशा झाल्या. तारेत कुठं वाळू चिकटली असेल, जिथं चिकटली तिथं उजेड अडला असेल, असं मी मोठ्यानं म्हणालो. खोलीत माझा आवाज मलाच परका वाटला. पाणी अजून काठाला होतं.

त्या वेळी पळून जायला हवं होतं. पंचफुलाच्या दारात जाऊन बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी जास्त वाटत होतं. माझ्या बायकोचा हात रोज जिथं असतो तिथं माझा हात गेला पाहिजे, हे घर कोणाचं आहे ते त्याला कळलं पाहिजे. मी बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत पाण्यात घातला.

पाणी इतकं थंड होतं की हाडं दुखली. थोडा वेळ काही झालं नाही. मग माझ्या मधल्या बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं. ते बोटाबोटानं पुढं आलं. घाई नव्हती. तळव्यावर आलं, तळव्याच्या रेषांवरून फिरलं, अंगठ्याचा उंचवटा दाबून पाहिला. विजेचा झटका असेल, स्नायू आखडले असतील, असं माझं डोकं सांगत होतं. पण प्लग तर माझ्या दुसऱ्या हातात होता.

ते मनगटापाशी आलं आणि तिथं गोल फिरलं. एकदा फिरलं, पुन्हा एकदा फिरलं. काय शोधतंय ते मला दुसऱ्या फेरीला कळलं. बांगड्या शोधत होतं.

त्या नव्हत्या. त्यानं माझा हात सोडून दिला. पाणी चार बोटं खाली उतरलं, आणि जमिनीवर मघाच्या ओघळाखेरीज एक थेंबही पडला नाही.

७

सोमवारी मी कॉलेजला गेलो नाही. सिंधूच्या लाकडी पेटाऱ्यात तिच्या जुन्या बांगड्या होत्या. साबण लावून मी त्या उजव्या हातात चढवल्या. दोन फुटल्या, मनगट कापलं, सहा चढल्या. दिवा पुन्हा तारेत जोडला, हिटर मंद चालू केला आणि हात पाण्यात घातला.

या वेळी त्यानं सोडला नाही.

याविषयी फार सांगता येणार नाही. एवढंच सांगतो की मला आजवर कोणी तसं धरलं नव्हतं. आईनंही नाही. पाणी हळूहळू कोमट होत गेलं आणि मी बोलू लागलो. लहानपणच्या गोष्टी, लॅबमध्ये एकदा तराजू फुटला आणि मी दुसऱ्याचं नाव सांगितलं ते, दत्तोपंतांचं. मी मध्ये थांबलो की पकड घट्ट व्हायची, पुढं सांग म्हटल्यासारखी. संक्रांतीला पंचफुलानं दार वाजवलं, "तिळगूळ घ्या भाऊजी," म्हणाली. मी उठलो नाही. कोपरापर्यंतची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. त्याची मला पर्वा नव्हती. मला एकाच गोष्टीची चिंता होती. सिंधू परत येईल.

ती गुरुवारी दुपारी आली. मी आतून कडी लावून घेतली होती.

"अहो," दार वाजलं. "अहो, दार उघडा. झोपले का?"

मी श्वास रोखून बसलो. पकड होती तशी होती.

"बरं नाही का तुम्हाले? पंचफुला म्हणते चार दिवस दार बंद आहे."

मग पावलं खिडकीकडं गेली. खिडकीचं एक दार नीट लागत नसे. ते उघडलं आणि सिंधूचा चेहरा दिसला, डोक्यावर पदर, कपाळावर प्रवासाची धूळ. तिनं मला पाहिलं. पाण्यातला माझा हात पाहिला. ती ओरडली नाही.

"माझ्या बांगड्या काहून घातल्या तुम्ही?" ती हळूच म्हणाली.

 "तू जा," मी म्हणालो. "तू उमरेडलेच राहा. इथं काही काम नाही तुझं."

ती माझ्याकडं पाहत राहिली. राग नव्हता त्या पाहण्यात. मग तिची नजर माझ्यावरून सरकून पाण्यावर गेली, आणि तिथं ती मऊ झाली.

"चल गा," ती म्हणाली.

नऊ वर्षं ती मला 'अहो' म्हणत आली होती. ते जवळिकीचं 'गा' माझ्यासाठी नव्हतं.

पाण्यातली पकड सैल झाली. मी बोटं मिटली, मूठ आवळली, बांगड्या काचेवर आपटून फुटल्या. मुठीत पाणी आलं. पातळी पट्टीवर उतरली आणि पेटीतला सगळा कोमटपणा एका क्षणात गेला, जसा दार उघडल्यावर खोलीतला जातो.

मी दार उघडून धावलो तेव्हा ती रोडपर्यंत पोचली होती. शहरात बर्डीकडं जाणारी सिटी बस उभी होती. ती चढली. बस गच्च भरलेली, माणसं पायरीवर लोंबकळत होती. सिंधू खिडकीशी बसली. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. मधल्या वाटेत माणसं एकमेकांच्या अंगावर कलंडत उभी होती आणि त्या रिकाम्या जागेकडं कोणी पाहतही नव्हतं. एका म्हातारीनं तिथं हात टेकला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

सिंधू खिडकीकडं जरा सरकून बसली. बस सुटली.

८

ती परत आली नाही. मी आणायला गेलो नाही. मासोळ्या त्याच आठवड्यात मेल्या. पेटी मी गोदामामागं टाकून दिली.

पुढच्या नोव्हेंबरात लहानूचं पत्र आलं. सिंधूताई बरी आहे, मागच्या खोलीत वेगळी राहते, एकच मागते. हिवाळा आला आहे तर तुमच्या हातचा एक हिटर बनवून पाठवा, आणि मोठा बनवा.

मी बनवला.  लॅबमधली सर्वांत रुंद नळी घेतली, दुप्पट तार गुंडाळली, लाख तीनदा लावली. पोस्टानं फुटला असता म्हणून स्वतःच एस.टी.नं घेऊन गेलो, मांडीवर धरून.

लहानूनं मला अंगणात बसवलं, पाणी दिलं. मागच्या खोलीकडं बोट दाखवलं, पण स्वतः उठला नाही. "मी तिकडं जात नाही भाऊजी," तो म्हणाला. "पोरायलेही जाऊ देत नाही."

"काहून?"

त्यानं माझ्या हातातला रिकामा पेला घेतला आणि पालथा घातला.

मी जाऊन कडी वाजवली. दार एक वीत उघडलं. सिंधू मध्ये उभी राहिली, दार अंगानं अडवून. ती वाळली होती. उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत पांढरी झाली होती. आतून ओल्या भिंतीचा वास आला, आणि तिच्या पायांमागं फरशीवर पाणी चकाकत होतं. तिनं हिटर दोन्ही हातांनी घेतला आणि काचेवरून बोट फिरवलं.

"चांगला आहे," ती म्हणाली.

"मी लावून देतो. तारा जोडायच्या आहेत."

"नका. आत नका येऊ." तिनं मागं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "त्याले आवडत नाही."

"लहानू म्हणते, तू बाहेर निघतच नाही. मागावरही बसत नाही."

"त्याले करमत नाही एकट्याले. मग..." ती थांबली. "मग तं रागावते."

हे तिनं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. सवयीच्या सुरात म्हटलं, दाराआड, डोळे खाली घालून. महालात नळावर, वाडीला पंचफुलापाशी, ती माझ्याविषयी याच सुरात बोलत असणार, हे मला तेव्हा लख्ख कळलं. तिचा हात धरून तिला उंबऱ्याबाहेर ओढून काढायला हवं होतं. ती आलीही असती, असं मला आजही वाटतं. तिनं एकदा माझ्या पायांकडं पाहिलं होतं, आणि माझ्या मागच्या उन्हाकडं.

पण मी उभा राहिलो. कारण मला तिची दया आली नाही. मला हेवा वाटला. आम्हा दोघांत त्यानं तिला निवडलं, याचा.

आत कुठंतरी पाणी काठावरून सांडल्याचा आवाज झाला. मला दुसरं काही ऐकू आलं नाही. तिला आलं. ती दचकून वळली.

"आली गा," ती म्हणाली, "आली, आली," आणि दार लावून घेतलं.